आधी दाराची कडी, की आधी बँकेचा हप्ता?

प्रश्न दोघा सख्ख्या भावांचा आहे आणि दोघांनी तो दोन टोकांना धरून ओढलाय. अक्कलकोट रोडला त्यांचा टॉवेलचा कारखाना. थोरला म्हणतो, "काका, देशावर एवढं कर्ज असताना संरक्षणाला दरवर्षी लाखो कोटी कशाला? बँकेची नोटीस दाराला लागलेली असताना त्याच दाराला सागवानी चौकट बसवायची का?" धाकटा म्हणतो, "दारच राहिलं नाही तर बँक नोटीस लावणार कुठं? आधी सैन्याला हवं तेवढं द्या, उरलं तर बाकीच्यांचं बघा. सरकारचं कर्ज कोण मागायला येतंय?" मी संरक्षण लेखा विभागात ३४ वर्षं बिलं तपासली आणि २०१७ साली निवृत्त होऊन सोलापुरात परत आलो, म्हणून पंच मी. सिद्धेश्वर तलावाकाठी फिरता फिरता दिलेलं उत्तर दोघांनाही पटलं नाही. दोन्ही पक्ष नाराज झाले म्हणजे निवाडा फार चुकलेला नसावा, अशी मनाची समजूत घालून आता बैठक मारून लिहितो.

आकडे आधी सांगून टाकतो. २०२५-२६ च्या अंदाजपत्रकात केंद्र सरकारचा एकूण खर्च ५०.६५ लाख कोटी रुपये. त्यात संरक्षण ६.८१ लाख कोटी. आणि जुन्या कर्जावरचं नुसतं व्याज १२.७६ लाख कोटी. मुद्दल त्यात नाही. म्हणजे थोरल्याचा राग ज्याच्यावर आहे, त्याच्या जवळजवळ दुप्पट पैसा भलतीकडेच जातोय. आणि धाकटा ज्याला पंगतीत पहिलं बसवायला निघालाय, त्याच्या आधीच एक पाहुणा पान वाढून घेऊन बसलाय.

या पाहुण्याला पहिलं पान राज्यघटनेनेच दिलंय. कलम ११२ मध्ये काही खर्च 'भारित' ठरवलेत आणि सरकारी कर्जाचं व्याज त्यातलं एक. संसदेत त्यावर बोलता येतं, मतदान होत नाही. सैन्याचा पगार, दारूगोळा, जहाजं हे सगळं 'दत्तमत', म्हणजे लोकसभेने मंजूर केल्यावर पैसा सुटणार. (ही मंजुरीही बहुतेक वर्षी गिलोटिनखाली, म्हणजे वेळ संपला म्हणून सगळ्या मागण्या एकदम मताला टाकून, चर्चेविनाच मिळते, ते वेगळं.) आमच्याकडे नव्याने रुजू झालेल्या पोराकडून पहिल्या आठवड्यात खातेशीर्षं पाठ करून घ्यायचे: २०७६ भूदल, २०७७ नौदल, २०७८ हवाई दल, ४०७६ भांडवली खर्च. व्याजाचं शीर्ष २०४९. ते आम्हाला कुणी पाठ करायला लावलं नाही, कारण ते आमच्या खात्यातलं नव्हतं. पण आमच्या ताटात किती पडणार हे तेच ठरवतं, हे उमगायला मला निम्मी नोकरी लागली.

अर्थसंकल्पाच्या दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात 'रुपया कुठे जातो' असं चाक छापून येतं. २०२५-२६ च्या चाकात संरक्षणाला ८ पैसे आणि व्याजाला २० पैसे होते. थोरल्याने तेच कापून माझ्यापुढे धरलं होतं. त्या ८ पैशांत सैनिकांची पेन्शन धरलेली नसते, ती वेगळ्या फाकेत जाते. शिवाय त्या चाकात राज्यांना मिळणारा करांचा वाटाही मोजलेला असतो, म्हणून चाक मोठं आणि फाक बारीक. पेन्शन धरून, केंद्राच्या स्वतःच्या खर्चात संरक्षणाचा वाटा साडेतेरा टक्क्यांच्या आसपास येतो. देशाच्या सकल उत्पन्नाशी तुलना केली तर दोन टक्क्यांच्या किंचित आत. तिन्ही आकडे खरे आहेत. भांडणात कोण कुठला आकडा उचलतो त्यावरून तो कुठल्या बाजूचा ते कळतं.

आता येणाऱ्या पैशाची बाजू. २०२५-२६ साठी सरकारची वित्तीय तूट १५.६९ लाख कोटी धरली होती, म्हणजे तेवढं नवं कर्ज. आणि जुन्याचं व्याज १२.७६. नव्या कर्जातल्या शंभरातले ऐंशी रुपये जुन्याच्या व्याजाएवढे. याची टोपी त्याच्या डोक्यावर म्हणतात ती हीच. आपल्याकडे सावकारीत दामदुपटीचा नियम होता, व्याज मुद्दलापेक्षा जास्त वसूल करायचं नाही. सरकारी रोख्यांना, म्हणजे सरकार ज्या कागदांवर कर्ज उचलतं त्यांना, असला कुठलाच नियम लागत नाही. जुना रोखा संपला की नवा काढायचा, खातं कधी बंदच होत नाही.

मग देश बुडाला का? नाही. इथे धाकट्याच्या बाजूने थोडं बोलायला हवं. तुमच्या कारखान्याचं सी.सी. लिमिट, म्हणजे बँकेने खेळत्या भांडवलासाठी दिलेली उचल, तरी कुठे कधी शून्यावर येतं? उलाढाल वाढते आहे आणि व्याज वेळेवर जातंय तोवर बँक मॅनेजर स्वतः चहाला येतो. देशाचं तसंच. रुपयांत मोजलेलं राष्ट्रीय उत्पन्न वर्षाला नऊ-दहा टक्क्यांनी वाढत असेल आणि कर्जाचा सरासरी दर सातच्या आसपास असेल, तर कर्ज वाढत राहूनही उत्पन्नाच्या मानाने ते जड होत नाही. कोरोनाच्या २०२०-२१ सालात तूट राष्ट्रीय उत्पन्नाच्या ९.२ टक्क्यांवर गेली होती, ती २०२५-२६ साठी ४.४ टक्के धरली. केंद्राचं कर्ज राष्ट्रीय उत्पन्नाच्या ५६ टक्क्यांच्या आसपास आहे, ते मार्च २०३१ पर्यंत ५० टक्क्यांच्या जवळ आणायचं असं सरकारने जाहीर केलंय. आणि हे कर्ज मुख्यतः आपल्याच लोकांकडून, आपल्याच चलनात घेतलेलं आहे. परदेशी कर्जाचा वाटा शंभरात पाचच्या आसपास. सरकारी रोख्यांतला निम्म्याहून जास्त वाटा बँका आणि विमा कंपन्यांकडे असतो. थोरल्याने पंचवीस वर्षं एलआयसीचे हप्ते भरलेत. सरकारच्या डोक्यावरचं कर्ज म्हणून तो ज्याला नावं ठेवतो, त्यातला एक धागा त्याच्याच खिशातून गेलाय.

पण "वेळ आलीच तर नोटा छापतील" हे धाकट्याचं वाक्य मला मान्य नाही. तो प्रयोग या देशात एकदा होऊन गेलाय. दुसऱ्या महायुद्धात १९३९ च्या करारानुसार ब्रिटनने भारतात केलेला लष्करी खर्च लंडनमध्ये पौंडांत जमा व्हायचा आणि त्या बदल्यात इथे रुपये छापले जायचे. युद्ध संपेपर्यंत लंडनमधली भारताची जमा १३० कोटी पौंडांच्या घरात गेली. कागदावर आपण सावकार आणि इंग्रज ऋणको! गावात मात्र भाव दुपटीच्या पुढे गेले, १९४३ साली कापडावर आणि सुतावर कंट्रोल आला आणि बंगालमध्ये माणसं रस्त्यावर मेली. त्याच साली चिंतामणराव देशमुख रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले. ते पौंड सोडवून आणण्याच्या वाटाघाटींत त्यांची पुढची काही वर्षं गेली. युद्धाचा खर्च कुणीतरी भरतोच. कर लावून भरला नाही, कर्ज काढून पुढच्यावर ढकलला नाही, तर तो महागाईच्या रूपाने रोजंदारीवरच्या माणसाच्या गळ्यात पडतो. म्हणूनच १९९७ साली सरकारला रिझर्व्ह बँकेतून मागेल तेव्हा पैसे देणारी तात्पुरत्या हुंड्यांची पद्धत बंद झाली आणि एप्रिल २००६ पासून रिझर्व्ह बँकेने सरकारी रोखे थेट सरकारकडून घेणंही थांबलं. अपवाद ठेवलेत. रोजची सोय मात्र राहिली नाही.

मराठी माणसाला हा विषय समजवायला परदेशी उदाहरण शोधायला नको. पानिपताचं आपण शौर्य सांगतो, विश्वासराव सांगतो, आणि हिशेब सांगायचा राहून जातो. थोरल्या बाजीरावांच्या मोहिमांपासूनच पेशव्यांच्या डोक्यावर कर्ज होतं. सावकारांच्या तगाद्याने बाजीराव किती कावले होते ते त्यांनी आपले गुरू ब्रह्मेंद्रस्वामी यांना लिहिलेल्या पत्रांतून दिसतं. पानिपताच्या मोहिमेवर निघालेले सदाशिवराव भाऊसाहेब १७६० साली दिल्लीत पोहोचले तेव्हा फौजेला द्यायला पैसे नव्हते, म्हणून लाल किल्ल्यातल्या दिवाण-ए-खासचं चांदीचं छत उतरवून वितळवलं. त्याचे नऊ लाखांच्या आसपास रुपये झाले. एवढ्या मोठ्या फौजेला ते किती दिवस पुरणार? पैसा आणि रसद पाठवायची जबाबदारी असलेले गोविंदपंत बुंदेले डिसेंबरात मारले गेले, आणि त्यानंतरची लढाई उपाशी पोटी झाली. इकडे गड्ड्याच्या यात्रेत संक्रांतीला नंदीध्वज निघतात, त्याच दिवसांतली ती १४ जानेवारी. तोफा होत्या, माणसं होती, घोडेही होते. तिजोरी मात्र मोहिमेला निघतानाच रिकामी होती.

या उदाहरणातून थोरला "मग एवढी मोहीम काढायचीच कशाला" म्हणेल आणि धाकटा "बघा, सैन्याला पैसा दिला नाही म्हणून हरलो" म्हणेल. माझं म्हणणं तिसरं आहे. युद्धाच्या दिवशी कर्ज मिळेल की नाही, हे शांततेच्या वीस वर्षांत आपण कर्ज कसं वापरलं त्यावर ठरतं. उसनं मिळण्याची पत हासुद्धा दारूगोळ्यासारखा साठा आहे. तो शांततेतच वापरून संपवला तर युद्धात हात रिकामे राहतात.

१९६२ चं बघा. ऑक्टोबरात चीनने तडाखा दिला, नोव्हेंबरात यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री होऊन दिल्लीला गेले. हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावला, हे आपण अभिमानाने सांगतो. पुढच्या दोन वर्षांत संरक्षणाचा खर्च दुपटीहून जास्त झाला, त्याची किंमत कुणी मोजली ते सांगत नाही. तेव्हाचे अर्थमंत्री मोरारजीभाई देसाई यांनी १९६३ च्या अर्थसंकल्पात सक्तीची बचत ठेव आणली, त्याआधी सुवर्ण नियंत्रण आलं होतं. १४ कॅरेटपेक्षा शुद्ध सोन्याचे दागिने घडवायला बंदी! आमच्या गल्लीतल्या एका सोनाराने तेव्हा हातोडी ठेवली ती कायमची, असं वडील सांगायचे. तयारी नसताना एकदम खर्च वाढवावा लागला की त्याचा भार असा अनपेक्षित माणसाच्या पाठीवर येतो. पुढे हेच यशवंतराव अर्थमंत्री झाले आणि १९७१ ची लढाई त्यांच्या त्या काळातली. निर्वासितांच्या मदतीसाठी टपालावर ५ पैशांचं जादा तिकीट लावावं लागायचं. मी तेव्हा चौदा वर्षांचा. आजोबांना पत्र टाकायला मला पोस्टात पाठवायचे आणि ते ५ पैसे जास्तीचे द्यायला माझ्या जिवावर यायचं. संरक्षण आणि अर्थ या दोन्ही खुर्च्यांवर बसलेली माणसं या देशात थोडीच. दोघांचं दुखणं कळलेला तो माणूस होता.

सगळ्यात जास्त शिकवून गेलं ते मात्र १९९१. ऐंशीच्या दशकाच्या उत्तरार्धात आपण तोफा, विमानं, पाणबुड्या घेतल्या. संरक्षण खर्च सकल उत्पन्नाच्या तीन टक्क्यांच्या वर होता. ती खरेदी चुकीची होती असं मी म्हणत नाही, त्यातल्या बोफोर्स तोफांनीच पुढे कारगिल तारलं. पण तेव्हा सबसिडी, पगार, आयात, सगळंच कर्जावर चाललं होतं. १९९१ च्या उन्हाळ्यात परकीय चलन जेमतेम दोन आठवड्यांच्या आयातीपुरतं उरलं आणि जुलैत ४७ टन सोनं विमानाने परदेशी गहाण ठेवायला गेलं. मी तेव्हा नोकरीत आठ वर्षांचा. त्यानंतरची काही वर्षं आमच्याकडे येणाऱ्या फायलींचा रंगच बदलला. पगार तसाच जायचा, पेन्शन तशीच जायची, रेशन तसंच. थांबायची ती नवी खरेदी. हे कुणी दुष्टपणाने करत नव्हतं. सैनिकाचा पगार कापता येत नाही, निवृत्ताची पेन्शन अडवता येत नाही, मग कात्री चालणार कुठे? १९९९ साली कारगिलमध्ये लष्करप्रमुख जनरल मलिक यांना, जे आहे त्यावर लढू, असं जाहीरपणे सांगावं लागलं. तोफखरेदी रखडायला भ्रष्टाचाराच्या आरोपांची भीतीही तेवढीच कारण होती. पण १९९१ चा आटलेला पैसाही त्या वाक्यात बोलत होता.

शेजारी तर हा धडा रोज गिरवतोय. पाकिस्तानच्या २०२४-२५ च्या केंद्रीय अंदाजपत्रकात, त्यांच्या रुपयांत, एकूण खर्च सुमारे १८.८८ लाख कोटी होता. त्यातलं व्याज ९.७८ लाख कोटी, म्हणजे निम्म्याहून जास्त. संरक्षण २.१२ लाख कोटी. तिथे संरक्षणाला पहिली जागा द्यायची नाही असं म्हणणारा राजकारणात टिकत नाही. तरीही कर्जाचा प्रत्येक नवा हप्ता आंतरराष्ट्रीय नाणेनिधीच्या दारात उभं राहून घ्यावा लागतो. अमेरिकेसारख्या श्रीमंताचंही २०२४ च्या आर्थिक वर्षात निव्वळ व्याज संरक्षण खर्चाच्या पुढे गेलं.

आता माझ्या घरात शिरतो, म्हणजे ६.८१ लाख कोटींच्या आत. धाकट्याला वाटतं ही सगळी रणगाडे-विमानं. नवी शस्त्रं, जहाजं, विमानं आणि बाकीचा भांडवली खर्च मिळून १.८० लाख कोटी. पेन्शन १.६१ लाख कोटी. निवृत्त ३४ लाखांहून जास्त. उरलेल्यातला मोठा भाग पगार, रेशन, इंधन, सुटे भाग, डागडुजी. निवृत्तांचा खर्च आणि भविष्याचा खर्च जवळजवळ खांद्याला खांदा लावून उभे आहेत. मी स्वतः सरकारी पेन्शनर, त्यामुळे हे लिहिताना जीभ चावतो. पण आकडा आकडाच असतो. समान पद समान पेन्शन १ जुलै २०१४ पासून लागू झाली. ती न्याय्य होती. माढा-बार्शीकडचे जुने हवालदार थकबाकीचे कागद घेऊन माझ्याकडे यायचे तेव्हा त्यांचे चेहरे मी पाहिलेत. जे न्याय्य असतं त्याचंही बिल येतं, एवढंच.

२०२२ च्या जूनमध्ये अग्निपथ आली: चार वर्षं सेवा, त्यातले २५ टक्के कायम होणार, बाकीच्यांना ११.७१ लाखांचा सेवानिधी, पेन्शन नाही. सैन्याच्या दृष्टीने ती बरी की वाईट, हे रेजिमेंटमध्ये आयुष्य काढलेल्याने सांगावं, माझा तो अधिकार नाही. हिशेबाच्या बाजूने एवढं सांगतो की तिची बचत उद्या दिसणार नाही. पूर्वीच्या पद्धतीत जवान पंधरा-सतरा वर्षांनी निवृत्त व्हायचा आणि मग त्याची पेन्शन सुरू व्हायची. २०२२ मध्ये न घेतलेल्या कायम जवानाची पेन्शन वाचायला लागेल २०३७ च्या पुढे. तोवर जुनं ओझं आहे तसंच.

भांडवली १.८० लाख कोटीही मोकळे नसतात. तुम्ही रॅपिअर लूम (नवे माग) आणलेत तेव्हा आधी ॲडव्हान्स, मग माल चढताना काही, मग बसवल्यावर काही असे हप्ते दिलेत ना? ३६ राफेल विमानांचा करार सप्टेंबर २०१६ चा, सुमारे ७८७ कोटी युरोंचा. सही एका दिवसात झाली, पैसे वर्षानुवर्षं जात राहिले, तेही युरोत. रुपया घसरला की तेच विमान, तीच किंमत, आणि आपला हप्ता जाड. अशा जुन्या करारांच्या देण्यांना आम्ही 'कमिटेड लायबिलिटी' म्हणायचो. भांडवली तरतुदीतला मोठा लचका तीच तोडते. उरतं त्यातून नवीन. म्हणून तरतूद वाढली अशी बातमी वाचली की आधी विचारायचं, जुन्या हप्त्यांचं किती आणि नव्या सहीसाठी किती.

आणि "हवं तेवढं द्या" म्हणणाऱ्या धाकट्यासाठी ही गोष्ट. २०२४-२५ मध्ये संरक्षणाला भांडवली तरतूद १.७२ लाख कोटी होती. सुधारित अंदाजात, म्हणजे वर्ष संपत आल्यावर सरकार आकडे पुन्हा मांडतं त्यात, ती सुमारे १.६० लाख कोटींवर आली. साडेबारा हजार कोटी खाली. पैसा नव्हता म्हणून हे झालं असं नाही, खर्चच होत नव्हता. देशी बनावटीच्या तेजसच्या ८३ लढाऊ विमानांचा सुमारे ४८,००० कोटींचा करार फेब्रुवारी २०२१ मध्ये झाला. पहिली विमानं २०२४ च्या सुरुवातीला यायची होती, अमेरिकी इंजिनांनी उशीर केला आणि सगळं वेळापत्रक घसरलं. विमान मिळालं नाही तर बिल नाही, बिल नाही तर पैसा ३१ मार्चला परत. लूमवर ताण्याचा बीमच चढला नसेल तर सुताचा ढीग लावून टॉवेल निघत नाहीत, हे तुम्हाला मी सांगायला नको.

३१ मार्च हा शब्द आला म्हणून एक आठवण. नव्वदच्या दशकात मी एका ठिकाणी होतो, गाव सांगत नाही. २८ मार्चच्या संध्याकाळी तंबूच्या कापडाचं बिल टेबलावर आलं. चलन होतं, तपासणीचा शिक्का होता, माल मिळाल्याचा व्हाउचर म्हणजे सीआरव्हीही होता. फक्त कापड नव्हतं. ट्रक अजून वाटेत होता, पण निधी लॅप्स होऊ नये, म्हणजे न वापरता परत जाऊ नये, म्हणून कागद पुढे पळत आले होते. मी बिल परत पाठवलं. पुढचे तीन दिवस फोन, विनवण्या, मग धमक्या, "देशाच्या संरक्षणात अडथळा आणताय" असं एका साहेबांनी सुनावलंही. ट्रक आला ६ एप्रिलला. कापडातलं निम्मं नापास झालं. त्या एका वाक्याचा मला अजून राग येतो. देशाच्या नावावर कागद खपवायची सवय लागली की संरक्षणाचा पैसा वाढवूनही संरक्षण वाढत नाही.

मार्चअखेरची ही धावपळ टाळायला लॅप्स न होणारा निधी असावा, ही मागणी जुनी. २००४ च्या अंतरिम अर्थसंकल्पात तेव्हाचे अर्थमंत्री जसवंतसिंह यांनी २५,००० कोटींचा असा निधी जाहीर केला होता, तो उभा राहिला नाही. पंधराव्या वित्त आयोगाने २०२१ ते २०२६ साठी सुमारे २.३८ लाख कोटींचा निधी सुचवला. माझ्या मते संरक्षणाला प्राधान्य म्हणजे काय, याचं एका ओळीतलं उत्तर यात आहे. दरवर्षीच्या मोठ्या आकड्यापेक्षा दहा वर्षांचा खात्रीचा आकडा सैन्याला जास्त उपयोगी पडतो.

थोरल्याने मध्येच नळाचा विषय काढला होता: "आपल्याकडे पाणी काही दिवसांआड येतं आणि दिल्लीत विमानं घेतात." राग खरा आहे, पत्ता चुकलाय. संरक्षण संघसूचीत, पूर्ण केंद्राचं. नळ महापालिकेचा, त्यामागे राज्य. उजनी भरलेली असतानाही तुमची टाकी रिकामी असते, त्याचं कारण जलवाहिनी, टाक्या, वितरण आणि वर्षानुवर्षं रखडलेली कामं. राफेल रद्द केलं तरी तो पैसा आपोआप तुमच्या नळाला येणार नाही. हं, एक धागा जुळतो. केंद्र घरकुलांना, रस्त्यांना, योजनांना पैसा देतं, कुंभारीच्या रे नगरातली विडी कामगारांची घरं त्यातूनच उभी राहिली. केंद्राच्या व्याजाचा आकडा फुगला तर आधी असल्या योजना आटतात. राज्याची तऱ्हाही वेगळी नाही. २०२५-२६ च्या अंदाजपत्रकात महाराष्ट्राच्या डोक्यावर ९.३२ लाख कोटींचं कर्ज दाखवलंय, आणि राज्याला तर सीमाही राखायची नसते.

जाता जाता धाकट्याने नेमका प्रश्न टाकला: जर्मनीने संरक्षणाचा खर्च कर्जमर्यादेतून वगळला, मग आपण का नाही? खरंय, मार्च २०२५ मध्ये जर्मनीने घटना दुरुस्त करून उत्पन्नाच्या एक टक्क्यापलीकडचा संरक्षण खर्च मर्यादेबाहेर ठेवला. पण जर्मनीने त्याआधी पंधरा वर्षं चिक्कूसारखा हात आखडला होता. त्यांच्याकडे पत शिल्लक होती, म्हणून खर्च करता आली. आपल्या वित्तीय जबाबदारी कायद्यातही राष्ट्रीय सुरक्षा आणि युद्ध यांसाठी ठरलेल्या तुटीपलीकडे अर्धा टक्का जायची मुभा आहे. माझ्या मते संकटासाठी तेवढी खिडकी पुरे. कायमचं दार उघडलं तर वर्षभरात दिवाबत्तीपासून पुलांपर्यंत सगळंच 'संरक्षण' म्हणून लिहिलं जाईल. शीर्ष बदलून खर्च लपवण्याची हौस मी फार जवळून पाहिलीय. थोरल्याला हवी तशी कात्रीही मी लावणार नाही, कारण ती पेन्शन-पगाराला लागत नाही, थेट नव्या विमानालाच लागते. मला विचाराल तर संरक्षण दोन टक्क्यांच्या आसपास, जमल्यास थोडं वर, पण त्यातला भांडवली वाटा वाढता हवा. आणि तुटीवरचा लगाम सैल होऊ द्यायचा नाही, म्हणजे व्याजाचं पान तरी आणखी रुंद होणार नाही. १ फेब्रुवारीला कागद आले की संरक्षणाचा मोठा आकडा सोडून द्या. मागच्या वर्षीचा सुधारित अंदाज आणि व्याजाची रक्कम एवढंच काढून माझ्याकडे या.

थोरल्याचा शेवटचा प्रश्न धंद्याचा होता, त्याचंही उत्तर देऊन टाकतो. सरकारी खात्यांना टॉवेल विकायचे असतील तर जेम या सरकारी खरेदीच्या पोर्टलवर नोंदणी आणि लघुउद्योगाचं उद्यम प्रमाणपत्र आधी काढा. नमुना मंजूर झाला त्याच वजनाचा, त्याच धाग्याचा माल पाठवा. तपासणीत दहा ग्रॅमचा फरकही बिल अडकवतो. लघुउद्योगाचे पैसे ४५ दिवसांत द्यायचे असा कायदा आहे, पण ते दिवस माल स्वीकारल्यापासून मोजतात, ट्रक निघाल्यापासून नाही. आणि माल मार्चच्या शेवटच्या आठवड्यात पोहोचेल असं करू नका, फेब्रुवारीतच गेटच्या आत जाऊ दे.